खुशालची ढोली, रिनाची खोली

“कडी पाह्यजे मले, मामी. अंदरून लागणारी.”

“कडी तं आहे नं वं त्या दरवाज्याले!”

“कडी आहे, पण दरवाजा कुठी लागते? अर्ध्यात येते अन् धानाच्या ढोलीच्या पोटावर अटकते. मंग त्या कडीले का चाटू?”

“आवाज बारीक कर, पोरी. इथी अर्धा गाव आयकून राह्यला.”

“आयकू द्या नं. गावाले का मालूम नाई?”

बायनाबाईनं मोबाईल कानाला न लावता ताटलीसारखा तोंडासमोर धरला होता. त्यामुळे राजुऱ्याहून सून काय म्हणते ते कुंपणापलीकडच्या आशाबाईला बायनाबाईच्या आधी कळत होतं. आशाबाईचा घासणीचा हात केव्हाचा गंजावर थांबला होता. पाणी वाहून चाललं होतं, पण बाईचं ध्यान राजुऱ्याला.

सून म्हणजे रिना. सासूला मामी म्हणायची, सासऱ्याला मामाजी, आणि दोघांनाही घाबरायची नाही. दिवाळीला म्हणून माहेरी गेली ती तिकडंच बसली. भांडण झालं नव्हतं, कोणी हात उगारला नव्हता. तिचं म्हणणं एकच, आतली खोली रिकामी होईल त्या दिवशी येईन. लग्न झाल्यापासून ती आणि तिचा नवरा प्रफुल सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, निजत होते, जुनं लुगडं आडवं बांधून. लुगड्याच्या अलीकडं हे दोघं, पलीकडं सासऱ्याची म्हणजे खुशालची बाज, पायथ्याशी बकरी. सुनेची बांगडी वाजली की पलीकडून खुशाल विचारायचा, “कोण व्हय गा?” त्याला कोण विचारणार की बाबा, कोण असेल?

“मले माया नवऱ्यासंगं दोन गोष्टी बोलाच्या असल्या तं नाल्याकडं जा लागते,” रिना फोनवर म्हणाली. “तिथीबी तुमची बकरी मांगं येते.”

आशाबाई कुंपणापलीकडं खुदकन हसली.

“अन् आयका, मामी. मोबाईलवर एक बाई घर आवरून दाखवते. तीन ढीग कराचे. एक ठेवाचा, एक दुसऱ्याले द्याचा, एक फेकाचा. जे वरीसभरात कामी आलं नाई ते सीधं फेकाच्या ढिगात.”

“वरीसभरात कामी आलं नाई ते?” बायनाबाईनं बाजेकडं पाहिलं. “मंग तुया मामाजीले कोण्या ढिगात टाकू?”

“मी आयकून राह्यलो,” बाजेवरून खुशाल म्हणाला.

“आयका म्हणूनच बोलली.”

हेटीटोला हे मूलकडून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. तिथं धानकापणीच्या बायांची एक टोळी आहे आणि टोळीची म्होरकी बायनाबाई. कोणाच्या बांधीत विळा आधी लागेल आणि कोणाचा धान उभा वाळेल, हे तिच्या तोंडून निघतं. पाच एकरवाला श्रीहरी पाटील गावात कोणाला जुमानत नाही, पण कापणीच्या दिवसांत बायनाबाई दिसली की सायकलवरून उतरतो. काळी, ठेंगणी, चालताना हात असे हलवते की वाटेतल्या माणसानं बाजूला व्हावं. बोलणं तिखट. पण बोललेलं मनात ठेवत नाही, कारण मनात जे ठेवायचं ते तोंडातच संपलेलं असतं.

खोड एकच. रिकाम्या हातानं ही बाई कधी घरी आली नाही. शेतातून येताना दोरीचा तुकडा, बाजारातून येताना कोणाची फेकलेली चुंगडी, म्हणजे पोतं, बुद्धविहारातला कार्यक्रम आटोपला की उरलेल्या पत्रावळी. ते सगळं आतल्या खोलीत. आणि विचारलं तर प्रत्येक वस्तूचा दिवस तिच्याकडं ठरलेला. टोपल्या मोहफुलं वेचायच्या दिवसांत, जाळं नाल्याला पूर आला की, वाकळी मंडईत. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, तिला गावात नाटक असतं आणि नाटकाला पाहुणे येतात. पाहुणे म्हणजे कोण, तर बहिणीच्या जावेच्या भावापर्यंत जो चालू शकतो तो. त्यांना निजायला काय केळीची पानं द्यायची? मोबाईलवरच्या त्या बाईच्या गावात मंडई भरत नसावी.

पण फोन ठेवल्यावर बायनाबाईनं प्रफुलचं तोंड पाहिलं. पोरगं पानठेल्यावर बसून जगाला शहाणपण शिकवायचं, ते आता उंबऱ्यावर बसून बकरीच्या कानात बोट घालत होतं.

“घरात सून पाह्यजे का चुंगड्या?” ती स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी टोळीला एकटीच पुढं पाठवलं. गावात बातमी झाली. बायनाबाई कापणीला गेली नाही म्हणजे कोणी तरी मेलं असणार, म्हणून दोघं जण विचारूनही गेले.

सकाळी आधी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो खोलीतून काढून, पुसून, सपरीत नीट लावला. मग पदर खोचला आणि एकेक वस्तू अंगणात भिरकावायला सुरुवात केली. तीन ढीग करायचे ठरलं होतं. थोड्या वेळानं पाहिलं तर ठेवायचा ढीग डोक्यापेक्षा उंच, द्यायच्या ढिगात एक फुटका कंदील, आणि फेकायच्या ढिगात काहीच नाही.

“हे का वं?” आशाबाई कुंपण ओलांडूनच आली होती. मदतीला म्हणून, पण बसली होती पाय पसरून.

“मी फेकतो अन् हे उचलते,” बायनाबाईनं नवऱ्याकडं बोट केलं.

खरंच होतं ते. खुशाल ढिगाभोवती कोंबडीसारखा फिरत होता. फेकायच्यात छत्रीची काडी पडली की उचलून ठेवायच्यात. “हे टोचाले कामी येते.” तळ गेलेली बादली उचलली. “हिच्यात माती भरून झाड लावता येते.” बायनाबाईनं एकच चप्पल भिरकावली, तीही झेलली. “दुसरी सापडंन नं कधी.”

“दुसरी नाल्यात वाहून गेली, तुमच्याच पायातली!”

“मंग नाल्यात पाहाव लागंन.”

शेवटी तिनं त्याच्या हातात चप्पल, काडी आणि बादली दिली आणि सांगितलं, जे जे ठेवायचं आहे ते हातात धरून उभे राहा, खाली ठेवलं की फेकलं. खुशाल थोडा वेळ उभा राहिला. मग त्याला विडी ओढायची झाली. विडीनं निकाल लावला.

त्यानंतर काम झपाट्यानं झालं. वाकळी बांधून पाटईवर, म्हणजे माळ्यावर, गेल्या. चुंगड्या ज्याच्या त्याला वाटल्या. उरली ढोली.

ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांनी विणलेली, शेणमातीनं लिपलेली धानाची कणगी म्हणा, कोठी म्हणा. माणसापेक्षा उंच आणि व्यायला आलेल्या म्हशीसारखी पोटाळ. पूर्वी वर्षाचा धान तिच्यात राहायचा. आता धान मळणीयंत्रातून निघतो तो थेट चुंगड्यांत भरून विकायला जातो आणि खाण्यापुरता प्लास्टिकच्या ड्रममध्ये. तेव्हापासून ढोलीत वरून जे पडेल ते पडत गेलं. बायनाबाई बाजेवर चढून आत उतरली आणि आतून वस्तू वर उडायला लागल्या. फाटकं दप्तर आलं, उंदरानं घर केलेला स्वेटर आला, आणि मग एक पितळी झारा आला. तो थेट आशाबाईच्या पायाशी पडला.

आशाबाईनं तो उचलला. उलटापालटा केला. ह्याच झाऱ्यापायी बायनाबाईनं तिला एका लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर चोट्टी म्हटलं होतं.

“बायनाबाई, हा तोच नं वं?”

ढोलीतून वस्तू उडायच्या थांबल्या.

“तो नाई. हा दुसरा.”

“मंग याच्यावर तुयंच नाव काऊन कोरलं आहे?”

“आता नेऊन टाक तुया घरी, अन् गोष्ट खतम कर!”

आशाबाईनं झारा कमरेला खोचला आणि कधी नव्हे ती कामाला लागली.

ढोली रिकामी झाली तेव्हा दुपार कलायला आली होती. प्रफुल आणि शेजारचा दसरू, दोघांनी मिळून तिला लोटत दारापर्यंत आणली. तिथं ती अडकली. आडवी केली, अडकली. तिरपी केली, जास्तच अडकली. दसरूनं दाराची रुंदी हातानं मापली, ढोलीचं पोट मापलं, आणि डोकं खाजवलं.

“काकू, हे अंदर गेली कशी?”

सगळ्यांनी खुशालकडं पाहिलं. खुशाल छपराकडं पाहत होता.

“अंदर गेलीच नाई,” तो म्हणाला. “अंदरच विणली. पानी लागून होता, बाहेर कुठी बसू? खोलीत बसून विणली.”

“अन् दरवाज्यातून निंगन का नाई ते पाह्यलं नाई?”

“पाह्यलं नं. विणून झाल्यावर पाह्यलं.”

“मंग बोलले काऊन नाई इतकी वर्षं?”

“कोणी विचारलंच नाई.”

बायनाबाईनं कुऱ्हाड उचलली. पण खुशाल दारात आडवा झाला. हा माणूस आजवर कशाला आडवा झाला नव्हता. सरपंचाला नाही, बायकोला तर नाहीच. विहीर खणायला घेतली, पाणी लागायच्या आधी सोडली. पानठेला टाकला तो पोराच्या गळ्यात घातला. सुरू करून शेवटाला नेली अशी आयुष्यात एकच गोष्ट, ती ही ढोली.

“हिच्यावर कुऱ्हाड मारशीन तं मी आजपासून जेवत नाई.”

“नोका जेवू. धान वाचंन.”

“बाबा,” प्रफुल मध्येच म्हणाला, “हटा नं. ते निंगाली आहे.”

“कोण निंगाली?”

“रिना. सकाळीच फोन केला म्या. खोली झाली म्हणून सांगतलं.”

“खोली झाली?” बायनाबाई त्याच्याकडं वळली. “भैताडा, सकाळी तं मी झाडूबी नव्हता उचलला!”

“ते चंद्रपुरावरून निंगाली. मूलपर्यंत आली असंन.”

आता कोणाला विचार करायला वेळ राहिला नाही. ढोली इथंच दिसली तर सून एसटीतून उतरून त्याच एसटीनं परत जाईल, आणि मग तिला आणायला बापाच्या बापाला पाठवलं तरी यायची नाही. बायनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो दोन्ही हात पसरून दारात उभा, डोळे गच्च मिटलेले. ढोली तोडावी तर हा मरेपर्यंत बाजेवरून तेच गाणं गाईल, आणि कानाला कडी लावता येत नाही.

“भिंत तोडा नं,” डोळे मिटूनच खुशाल म्हणाला. “कुडाचीच तं आहे.”

भिंत म्हणजे बांबूच्या काड्यांचा कूड, दोन्ही अंगांनी माती लिपलेली. बायनाबाईनं कुऱ्हाड फिरवून मागच्या कुडावर घातली. मातीचे पोपडे उडाले, बकरी ओरडत पळाली. दसरूनं काड्या ओढल्या, प्रफुलनं लाथा घातल्या, आशाबाईनं ओरडून हिंमत दिली. बैल आरपार जाईल एवढं भोक पडलं आणि ढोली त्यातून बाहेर निघाली, मागच्या वाडीत जाऊन उभी राहिली. खुशालनं तिच्यावरची माती झटकली. बकरीनं जवळ येऊन हुंगलं आणि तोंड फिरवलं.

धूळ खाली बसतच होती, तेवढ्यात रिना बॅग घेऊन अंगणात आली.

ती सपरीतून गेली, खोलीचं दार लोटलं. दार पूर्ण लागलं. तिनं आतून कडी घातली. सगळ्यांनी ऐकली ती घातलेली. मग तिनं मागं वळून पाहिलं असावं. नंतर ती भोकातून सरळ मागच्या वाडीत बाहेर आली, पायातली चप्पलही न काढता.

“मामी, कडी मागतली तं तुमी भिंतच काढून टाकली!”

“तुयं काम होते का नाई ते पाह्य. खोली साफ आहे का नाई?”

“साफ? आरपार साफ आहे. मूलचा रस्ता दिसून राह्यला.”

प्रफुल बोलायला गेला तर तिनं नुसता हात वर केला. ती पुन्हा भोकातून आत गेली. रिकाम्या भुईवर उभी राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, कुठंच काही पायाला लागलं नाही. मागून उतरतं ऊन थेट आत येत होतं. ह्या खोलीत आजवर चिमणी लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसला नव्हता.

“खालून अर्धी भरा,” ती म्हणाली. “वरती खिडकी ठेवा.”

“खिडकी?” बायनाबाईनं कमरेवर हात ठेवले. “घरात आजवर कोणी खिडकी ठेवली नाई. सारा गाव पाहंन!”

“लुगडं लावीन म्या. तेवढं येते मले. सपरीत तेच तं केलं इतके दिवस.”

आशाबाई पोट धरून खाली बसली. बायनाबाई हसू दाबायला गेली, पण ते नाकातून निघालंच.

“बरं,” ती म्हणाली. “पण खिडकी मी नाई विणणार. ज्याले भिंत तोडाची सुचली त्याले सांग.”

खुशाल ढोलीला टेकून उभा होता. सुनेनं त्याच्याकडं पाहिलं, म्हणाली, “मामाजी, बाहेर बसून विणजा. मापबी आधीच घेजा.”

खुशालनं कोपऱ्यातला कोयता उचलला आणि बांबू निवडायला लागला. प्रफुलनं बॅग आत नेली. रिनानं पदर खोचला, घागर घेऊन मातीवर पाणी ओतलं आणि नवऱ्याला म्हणाली, “तुडव आता. लय फोन करून राह्यला होता नं?”

बायनाबाईनं हातपाय धुतले. उन्हाकडं पाहिलं. श्रीहरीच्या बांधीत टोळी अजून असणार, आणि ती नसताना बायांनी किती कापलं असेल ते तिला न जाताही माहीत होतं. आढ्याला खोचलेला विळा काढला, अंगठ्यानं धार पाहिली आणि निघाली.

बांधीवर पोहोचली तेव्हा बाया वाकलेल्या कमी आणि उभ्या जास्त होत्या.

“का वं बायनाबाई, झाली का खोली?” एकीनं लांबूनच हाक दिली.

“झाली. हवा लय खेळते,” ती म्हणाली. “तुमी का पाहून राह्यल्या? हे इतकंच कापलं दिवसभर? वाका खाली!”

आणि धुऱ्याच्या बांधावरून उतरून तिनं पहिली मूठ धरली, विळा घातला, धान आडवा टाकला, आणि पुढं सरकली.