आईच्या कांद्यात उतरलेलं ग्लायडर

चिरडलेल्या कांद्याच्या पातीचा वास आला की मला आजही शिसारी येते. मी बारावीत होते. शर्यतीतलं एक ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, वर उचलणारी गरम हवा संपल्यामुळं दौंडकडच्या आमच्या रानात उतरलं. अख्खं गाव वाफे तुडवत धावलं. घामाघूम वैमानिकापुढं आईनं पाण्याचा तांब्या धरला.

सरपंच म्हणाले, "सायब, राहू द्या. बौद्धवाड्यातलं हाय ते. बाटली येतीय." वैमानिकानं पुढं केलेला हात मागं घेतला.

आई सरपंचांना म्हणाली, "आबा, आमच्या रानात उतरलेलं चालतं, आन् पाणी तेवढं चालत न्हाई व्हय?"

सगळे फिदीफिदी हसले. सरपंचांची किळस येतेच. पण त्या दिवशीच्या फोटोत विमानाच्या पंखाला हात लावून मीही हसतेय, त्याची जास्त येते.