कोपऱ्यातले तीन महिने

मखमलाबादच्या मळ्यांत चंद्रभागेच्या चालीला कोणी पुरं पडत नसे. सदुसष्टाव्या वर्षीही झेंडूच्या तोड्याला ती सगळ्यांच्या आधी वाफ्यात उतरायची. बसणं तिला ठाऊकच नव्हतं, पोथीसुद्धा दाराशी उभी राहून ऐकायची.

ज्येष्ठात तिचा नवरा पुंजा गेला आणि तिला बसवलं.

रीतच तशी होती. विधवेनं कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही. हल्ली लोक तेराव्याला मोकळं करतात. पण पुंजाची थोरली बहीण आक्काबाई दुःखाला आली ती राहिलीच. तिचा धनी गेला तेव्हा तिला सहा महिने कोपऱ्यात बसवलं होतं. आपण भोगलं ते दुसरीला सुटलेलं तिला कसं बघवावं?

"तेराव्याला उठली तर लोक म्हणतील, वाटच बघत होती," ती म्हणाली.

सव्वा महिना झाला, तेव्हा म्हणाली, "पितरं जेवू दे. तवर माझ्या भावाचा जीव दारातच हाय."

चंद्रभागा देवभोळी. नवऱ्याचा जीव दारात अडकलाय म्हटल्यावर ती काय बोलणार? बसली.

श्रावणात पाय सुजले. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. दुपारी आक्काबाईचा डोळा लागला की सून उज्वला तिला धरून मोरीपर्यंत नेऊ लागली.

"आई, पाय उचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात नुसतं बसवलं तर महिन्यात मांड्या उतरतात. रक्ताच्या गाठी होतात."

"ते राहू दे. झेंडूला कळ्या धरल्या का?"

"धरल्यात."

"मग घटाचा पहिला तोडा माझा. सांगून ठेवते, माझ्या आधी कोणी हात लावायचा नाय."

तिच्या मनात तेवढंच होतं. पितरं जेवली की वाफ्यात उतरायचं.

चौथ्या दुपारी आक्काबाईनं दोघींना मोरीच्या वाटेवर धरलं. ती ओरडली नाही. चंद्रभागेचा मुलगा शेखर अंबडच्या कारखान्यातून येईपर्यंत थांबली.

"शेखर, तुझ्या आईचे पाय लय वळवळत्यात. बापाची राख तरी निवू दे."

शेखर भावकीला भिऊन असायचा. त्यानं बायकोला झापलं आणि आईपाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "आई, मोरीत कशाला जातेस? भांडं इथंच ठेवू."

भांडं कोपऱ्यात आलं. सुनेनं आपलं भांडं उचलायचं, या लाजेनं चंद्रभागेनं पाणी पिणंच कमी केलं. आता तिला उठायचं काहीच कारण उरलं नाही.

पितृपक्षात पान वाढलं. कावळा लगेच शिवला. आक्काबाईनं आभाळाकडे हात जोडले आणि आत येऊन म्हणाली, "ऊठ चंद्रे. सुटलीस."

चंद्रभागेनं जमिनीवर तळवे टेकले. ढुंगण उचललं, पण गुडघे काही ताठ होईनात. मग तिनं भिंत धरली आणि भिंतीवरूनच घसरत खाली आली. डावी पोटरी लाकडासारखी झाली होती. उज्वलानं रिक्षा बोलवायला शेखरला पिटाळलं.

पंगतीला बसलेल्या बाया दाराशी गोळा झाल्या. आक्काबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"बघा गं. धनी गेला तसे हिचे पायबी गेले. याला म्हणायचं पतिव्रता."

दोघी बायांनी तर पुढं होऊन त्या सुजल्या पायांना हात लावला आणि नमस्कार केला.

"आक्का," चंद्रभागा म्हणाली, "माझे पाय त्यांनी नाय नेले. तुम्ही नेले."

तेवढ्यात खिरीचं पातेलं बाहेर आलं आणि बाया पानांवर परतल्या.

दवाखान्यात पायात रक्ताची गाठ निघाली. गोळ्या सुरू झाल्या. जीव वाचला म्हणायचा. धरून धरून चार पावलं टाकाल, डॉक्टर म्हणाले, पण वाफा विसरा.

घटाच्या आदल्या दिवशी पहिला तोडा उज्वलानं एकटीनं केला. शेखरनं बाजारातून हातांची नवी खुर्ची आणली, आईला उचलून तीत ठेवलं आणि खुर्ची झेंडूकडे तोंड करून ओट्यावर लावली.

"घे आई," तो म्हणाला. "आता निवांत बसून बघ."