कार्टूनमधला चंदनी हार

कळमनुरीत माझी पिठाची गिरणी आहे आणि मुलगी पुण्यात कार्टून काढते. म्हणजे टीव्हीवर एका कुटुंबाची विनोदी मालिका लागते, तिच्यातली घरं, दुकानं, भिंती ती रंगवते. माणसं दुसरंच कुणीतरी काढतं. एवढं शिकून भिंतीच रंगवायच्या होत्या तर ते काम इथंही मिळालं असतं, असं मी तिला दरवेळी ऐकवायचो.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. "बाबा, रविवारचा भाग बघाच. आमी मागच्या भिंतींवर गमती लपवतो. जुन्या सिनेमांची पोस्टरं, जाहिरातींतले डबे. पोरं थांबवून थांबवून शोधतात अन् नेटवर टाकतात. यावेळची एक गंमत फक्त तुमालाच सापडंल."

रविवारी गिरणी बंद ठेवली. शेजारचे बांगडीवाले चाचा जुन्या सिनेमांचे दर्दी, म्हणून त्यांनाही बोलावलं. चाचांनी धडाका लावला. न्हाव्याच्या दुकानातलं पोस्टर कुठल्या मारधाडीच्या सिनेमाचं, गिऱ्हाइकाची झुलपं कुठल्या हिरोची, फडताळातला डबा कुठल्या जाहिरातीतला, सगळं बराबर. मला एक ओळखू येईल तर शपथ. माझी गंमत कुठाय म्हणून मी टीव्हीला नाक लावून बसलो.

मग मालिकेतल्या आजोबांची खोली आली. भिंतीवर एक फोटो. भुवयांवर पीठ, कानाला पेन्सिल, मिशीचं एक टोक खाली. मीच! आणि माझ्या फोटोला चंदनाचा हार.

"भाई, हे तं तुमीच हाव!" चाचा ओरडले, आणि हार दिसला तशी त्यांनी जीभ चावली. बायकोनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "जित्या माणसाला हार? काहून?" म्हणाली आणि रडायलाच लागली. पोटच्या पोरीनं मला मारलं होतं, तेही विनोदी मालिकेत. टीव्हीतली माणसं मात्र खो खो हसत होती.

तिला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो.

"बाबा, मी तुमचा फोटो तेवढा रंगवला," ती रडत म्हणाली. "म्हाताऱ्याच्या खोलीतला फोटो म्हणल्यावर माझ्यानंतर काम करणाऱ्या माणसानं आपल्या मनानं हार घातला. मी बी आताच टीव्हीवर पाहिला."

"ते मला ठाऊक न्हाई. हार नको म्हणजे नको!" मी फोन आपटला.

बायकोनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मेल्याची आवई उठली की उमर वाढते, असं चाचा समजावत राहिले. दुसऱ्या दिवशी ज्वारी घेऊन आलेल्या एका बाईनं डबा खाली ठेवायच्या आधी विचारलं, "बरे हाव ना, भाऊ?" नेटवर तर वादच पेटला होता. कुणी मला जुन्या सिनेमातला सावकार ठरवलं, कुणी खलनायक. गिरणीवाला असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

काही दिवसांनी पोरीनं धाडलेला दुरुस्त भाग मोबाइलवर आला. गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी एकट्यानं पाहिला. पोस्टर होतं. झुलपं होती, डबा होता. आजोबांच्या खोलीत भिंतीवर नुसता खिळा होता.

हार पाहून बसला नव्हता एवढा धक्का त्या खिळ्यानं दिला. पुन्हा मागं नेऊन पाहिलं, बोटांनी मोठं करून पाहिलं. खिळाच. त्या अख्ख्या घरात पोरीनं माझ्यासाठी एवढीच जागा केली होती, आणि मीच आरडाओरडा करून ती रिकामी करायला लावली होती. जीव नुसता कळवळला.

संध्याकाळी दळण चालू असतानाच फोन केला. "पाहिलं का, बाबा?" तिचा आवाज थकलेला होता. "आता काही न्हाई तिथं."

"मी हारच नको म्हणलो होतो ना?"

"म्हाताऱ्याच्या खोलीत हाराबिगर फोटो शोभत न्हाई; एक तं दोन्ही ठेवा, न्हाई तं दोन्ही उतरवा, असं म्हणले आमचे साहेब."

गिरणीचा पट्टा फडफडत होता. तिला नीट ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं बोललो.

"मग हारासकट लाव, बाई. पण लाव. तुझ्या आईला मी समजावतो."