रामीबाईची कांचळी आणि मारवाडचे करकोचे

पुसदहून दिग्रसच्या वाटेला लागलं की डाव्या अंगाला एक बंजाऱ्यांचा तांडा लागतो. त्या तांड्यात रामीबाई आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. पायात वाळे, हातभर बलिया म्हणजे पांढऱ्या जाड बांगड्या, कानांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. अंगात आरशांनी मढवलेली लाल कांचळी, खाली घेरदार फेटिया, डोक्यावर लाल ओढणी. उन्हात उभी राहिली की समोरच्या कुडावर कवडसे नाचायचे. तांड्यातल्या बाकी बायकांनी केव्हाच पातळं जवळ केली होती. धुवायला सोपं, कापूस वेचायला सोपं, आणि बाजारात कोणी वळून बघत नाही. रामीबाईचं म्हणणं नेमकं उलटं. ती म्हणायची, "पाहू दे ना. पाह्यल्यानं मी काय झिजून राह्यली?"

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, झाडं लाल्या रोगानं करपलेली, आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. लांबलांबच्या शहरांतल्या गाड्या धुरळा उडवत तांड्यापर्यंत यायच्या. उतरणाऱ्यांच्या गळ्यात कॅमेरे असायचे आणि चेहरे आधीच सुतकी केलेले. असाच एक जण रामीबाईच्या दारात आला. तिला बघून बिचारा गोंधळलाच. मग म्हणाला, "मावशी, हे आरसे-दागिने जरा काढून ठेवता का? एखादं साधं लुगडं नेसा. डोळ्यांत पाणी आलं तर फारच छान."

रामीबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्याही शेतात पऱ्हाटीच होती, तीही करपली होती. पण ती म्हणाली, "बाबू, आमच्यात रडनं भेटीचं असते. लय दिसानं आपलं मानूस भेटलं का गळ्यात पडून रडतो आमी. तू मायं कोन लागतं?"

खोटं नव्हतं ते. बंजारा बाई माहेरच्या माणसाला वर्षांनी भेटली की आधी गळ्यात पडते, मग सुरात हेल काढून रडते. त्या रडण्यात सगळं येतं: गेलेली माणसं, चुकलेल्या भेटी, सासरचा जाच, वाटेतला पाऊस. ते झाल्याशिवाय चहाचं आधण चढत नाही. पेपरवाल्यासाठी त्यातला एक हुंदकाही तिनं खर्च केला नाही. तो गेला तसा नवरा उत्तमसिंग बाजेवरून हसला. "फोटो आला असता तर मीबी दिसलो असतो मांगं," म्हणाला. रामीबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

या बाईची मुलगी जया. पुसदच्या कॉलेजात शिकायची, आणि तिथल्या पक्षिमित्र मंडळात होती. घरात दोघी गोरबोलीत बोलायच्या आणि जया आईला 'याडी' म्हणायची. पण कॉलेजातलं कोणी सोबत असलं की ती मराठीत यायची आणि 'आई' म्हणायची. रामीबाईच्या ते ध्यानात आलं होतं. लेकरू शिकतंय, चालायचंच, असं म्हणून तिनं ते पोटात घातलं होतं.

मंडळ त्या हिवाळ्यात पक्षी बघायला मारवाडच्या वाळवंटात निघालं. स्वयंपाकाला बाई हवी होती. रामीबाई लग्नाकार्यात शे-दोनशे पानांचा स्वयंपाक उरकायची, तेव्हा जयानंच तिचं नाव सुचवलं. मारवाडचं नाव निघताच रामीबाई हातातलं पीठ टाकून उभी राहिली. तिची आजी सांगायची, आपण तिकडचे. बैलांवर मीठ लादून, पाणी शोधत शोधत, किती पिढ्यांमागं कोण जाणे, इकडं उतरलो. आजीला तो मुलूख दिसला नाही, आईलाही नाही.

"म्या येतो," ती म्हणाली. "पैसे नाई देल्ले तरी येतो."

जयानं मान खाली घालून सांगितलं, "पन याडी, पातळ नेसा लागते तुले. सरांचा नियम हाय. मातकट, खाकी कपडे. लाल नाई, चमकनारं त बिलकुल नाई. पाखरं उडते."

"मारवाडात जाऊन म्या मारवाडचेच कपडे उतरवू?" रामीबाईनं विचारलं. जयानं राखाडी रंगाचं एक पातळ विकत आणलं आणि गुपचूप आईच्या पिशवीच्या तळाशी घातलं.

मंडळाचे प्रमुख घनश्याम सर म्हणजे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. मनानं लोण्यासारखा माणूस, पण पाखरांच्या बाबतीत लष्करी खाक्या. अकोल्याच्या फलाटावर खाकी टोप्यांच्या घोळक्यात लखलखती रामीबाई आली, तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. पण ऐन वेळी दुसरी बाई कुठून मिळणार? ते म्हणाले, "ठीक आहे. रामीबाई बसजवळ थांबतील. पक्ष्यांच्या जागी यायचं असेल तर साधे कपडे घालावे लागतील."

जोधपूरहून भाड्याची बस केली होती. वाळवंटातल्या पहिल्या सकाळी सगळे माळढोक बघायला निघाले. आपल्याकडच्या माळांवर आता औषधालाही उरला नाही असा हा उंच, रुबाबदार पक्षी. त्यासाठी सरांचा जीव टांगणीला लागलेला. एका टेकाडाआड मंडळी पोटावर पडून राहिली. समोर खुरट्या गवतात खरोखरच एक माळढोक ताठ मानेनं चालत होता. कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं.

रामीबाई मागं बसपाशी चुलीवर चहा ठेवत होती. तेवढ्यात सूर्य वर आला आणि तिनं पहिल्यांदा तो मुलूख उजेडात पाहिला. लांबवर पिवळी जमीन, खेजडीची एकटी झाडं, आणि दूरच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. त्यांच्या अंगावर घागरे होते, लाल ओढण्या होत्या, आणि हातभर पांढरे चुडे होते. तिचं काळीज उचंबळून आलं. आजी आठवली, आई आठवली. आपण बसपाशी थांबायचं आहे हे ती साफ विसरली. धावत टेकाडावर चढली, हात पसरले, आणि उभ्या मुलखाच्या गळ्यात पडल्यासारखा तिनं भेटीचा हेल काढला.

त्या गळ्याला तांड्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जायची सवय होती. वर कांचळीचे आरसे उगवत्या उन्हात पेटलेले. माळढोकानं एकदा मान वळवली आणि पंख पसरून तो जो उडाला, तो क्षितिजापलीकडं दिसेनासा झाला.

सर वाळूतून उठले आणि दुर्बीण पिशवीत भरू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. यवतमाळहून थेट जोधपूरला येऊन मिळालेल्या प्रभावती मॅडम मात्र गुडघ्यांवरची वाळू झटकत जयाला म्हणाल्या, "कोण गं ही? तुमच्या ओळखीची का?"

जया लाजेनं काळवंडली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "स्वयंपाकाला आणलंय त्यांना."

रामीबाई चार हातांवर उभी होती. गळ्यातला हेल गळ्यातच राहिला. पेपरवाला, सर, सगळे परके. त्यांचं तिला काही वाटलं नाही. हे मात्र आतवर गेलं. ती मुकाट्यानं खाली उतरली आणि उतू गेलेला चहा पुन्हा ठेवला. पुढचे दिवस तिनं बस सोडली नाही. भाकऱ्या थापल्या, भांडी घासली. मंडळी रोज नवी नावं घेत परत यायची आणि ती त्यांना गरम गरम वाढायची. जया ताट घ्यायला यायची ती नजर चुकवून.

शेवटच्या मुक्कामाचं गाव करकोच्यांचं होतं. हिवाळ्यात तिथं लांबच्या थंड देशांतून करकोचे येतात, तिथली माणसं त्यांना कुरजां म्हणतात. गावाबाहेर कूड घातलेलं एक मैदान होतं. गावातल्या बायका रोज सकाळी तिथं दाणे पसरत आणि करकोचे थव्यांनी उतरत. सरांनी या दिवसावर सगळी भिस्त ठेवली होती.

त्या सकाळी रामीबाईनं पिशवीच्या तळाचं राखाडी पातळ काढलं. कांचळी, फेटिया, ओढणी घडी करून ठेवली, वाळे आणि घुगऱ्या उतरवल्या. एकदा तरी लेकीच्या शेजारी उभं राहून तिची पाखरं बघावीत, एवढंच तिच्या मनात होतं. ती बसमधून उतरली तेव्हा जयानं सुटकेचा श्वास टाकला आणि हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली. ते हसू रामीबाईला माळढोकाच्या सकाळपेक्षा जास्त लागलं.

मैदानाच्या कडेला खाकी, मातकट, राखाडी माणसं कुडाला पाठ लावून वाकून बसली. दाणे पसरायला त्या दिवशी मैदानाचा राखणदार पूनमसिंग एकटाच होता. त्याची बायको तापानं फणफणली होती आणि आळीतल्या बाकी बायका एका लग्नाला शेजारगावी गेल्या होत्या. त्यानं थोडे दाणे पसरले. आभाळात करकोचे आले. आले ते शेकड्यांनी आले, ओरडत, गरगरत. एकदा खाली झेपावले, खाकी रांग दिसली आणि पुन्हा वर. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा थवा दूर वळायला लागला.

"झालंय काय यांना?" सर हताशपणे पुटपुटले.

पूनमसिंगनं कपाळाला हात लावला. "बाबूजी, ये तो लाल ओढनी को पहचानते हैं. खाकी पहनके, झुकके तो शिकारी बैठता है."

खरं-खोटं पाखरांनाच ठाऊक. पण सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या, आणि त्या वळल्या त्या राखाडी पातळातल्या रामीबाईकडं. सर उठून तिच्यापाशी आले. ते आयुष्यभर पोरांना नियम शिकवत आले होते.

"रामीबाई," ते म्हणाले, "तुमचे ते... तुमचे कपडे कुठं आहेत?"

"हायेत ना," रामीबाई म्हणाली. "फेकून थोडीच देल्ले?"

ती बसकडं गेली. परत आली तेव्हा आधी ऐकू आली आणि मग दिसली. वाळे, बलिया, घुगऱ्या, लाल ओढणी, आणि कोवळ्या उन्हात झळाळणारी कांचळी. तिनं पूनमसिंगपाशी असलेली दाण्यांची टोपली उचलून डोक्यावर ठेवली, आणि एवढ्या माणसांदेखत मैदानाच्या मधोमध चालत गेली. घाई नाही, वाकणं नाही, लपणं नाही. तांड्याची बाई पाण्याला निघावी तशी. मग टोपली कमरेवर घेऊन मूठ मूठ दाणे फेकू लागली.

दूर गेलेला थवा वळला. पहिला करकोचा पाय लोंबते सोडून तिच्यापासून जरा लांब उतरला, मग दुसरा, आणि मग आभाळच खाली आल्यासारखं झालं. राखी पंख, काळे गळे, कानांमागं पांढरे तुरे. त्यांच्या घोळक्यात एक लाल बाई फिरत होती. रामीबाईला भरून आलं, पण तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. माळढोक तिच्या ध्यानात होता.

कुडापाशी प्रभावती मॅडम कॅमेरा डोळ्याला लावून कुजबुजल्या, "काय दिसतेय गं तुमची स्वयंपाकीण!"

जया उभी राहिली. तिचा चेहरा पुन्हा काळवंडला होता, पण या वेळी लाज वेगळी होती. "स्वयंपाकीण नाही, मॅडम," ती म्हणाली. "माझी याडी आहे ती. मला जन्म देणारी."

आणि ती निघाली. सरांनी शिकवल्याप्रमाणे पाठीत वाकून, हलके पाऊल टाकत, खाकी टोपी डोक्यावर तशीच. करकोचे बिचकून बाजूला सरकायला लागले. रामीबाईनं मागं वळून पाहिलं.

"वाकू नको, जये," ती म्हणाली. "चोरावानी काहून येतं? पाव्हन्याले वाढाले ताठ येवा लागते."

जया ताठ झाली. टोपी काढून खिशात कोंबली. करकोच्यांमधून सरळ चालत ती आईपाशी गेली, आणि तिनं ओठांतल्या ओठांत नाही, चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "याडी!"

रामीबाईनं टोपली खाली ठेवली. किती दिवसांनी आपलं माणूस भेटलं होतं! तिनं लेकीला गळ्याशी घेतलं आणि वाळवंटात अडकून राहिलेला तो भेटीचा हेल मोकळा सोडला. कुडापाशी कोणीतरी "श्श!" केलं, तर सरांनी त्याच्याच खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प बसवलं. करकोच्यांनी माना वर केल्या, त्या दोघींकडं क्षणभर पाहिलं, आणि पुन्हा दाणे टिपायला लागले.