दोन चाकांची सही

परंड्यात माझ्या वयाचा जो कुणी सायकल शिकला, त्याच्या गुडघ्यावर आमच्या सायकलवाल्या चाचांची खूण आहे. आणि ज्याच्या गुडघ्यावर ती नाही, असा त्या काळातला एकच माणूस आज हयात असावा, तो मी. हे लिहायला मी फार उशीर केला. चाचांचा विषय निघाला की मी दोनचार गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि हसू ओसरायच्या आत मी उठून घरी यायचो. चाचा निजामी सरहद्दीपलीकडं निरोप धाडायचे, त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं माणसांची यादी केली होती आणि म्हणून ते तुरुंगात गेले, असं गावात अजून सांगतात. ते खरं नाही. खरं काय ते सांगणारा मी एकटाच उरलो आहे, म्हणून आज गमतीही सांगतो आणि त्या संपल्यावर उठत नाही.

निजामाचं राज्य होतं. मी कचेरीबाहेर सतरंजी टाकून लोकांचे उर्दू अर्ज लिहून द्यायचो, म्हणून सगळे मला मुन्शी म्हणत. चाचा हैदराबादेतल्या एका सायकल दुकानात उमेदवारी करून तीन सायकली घेऊन आले आणि किल्ल्याच्या वाटेवर पत्र्याचं शेड ठोकून बसले. दुकान चालावं एवढीच इच्छा असती तर माणूस सुखानं जगला असता. पण सगळ्या तालुक्यानं सायकलवर बसलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. गुडघेदुखी, अपचन, भावाभावांतली भांडणं, कशावरही त्यांच्याकडं तोच इलाज. दोन भाऊ बांधावरून कोर्टात चालले होते, तर चाचांनी त्यांना वाटेत अडवून विचारलं, की कोर्टात जाताच आहात तर पायी कशाला जाता.

आठवडी बाजारात ते ‘बसून बघा’ नावाचा मेळा भरवायचे. सायकल स्टँडवर चढवायची, मागचं चाक अधांतरी, आणि येईल त्यानं बसून पायडल मारायचं. पडायची भीती नाही. रांग लागायची. एकदा भूमकडचा एक म्हातारा शेतकरी घटकाभर घामाघूम होईस्तोवर पायडल मारत राहिला आणि दम खात म्हणाला, “कुठवर आलो वो?” चाचांनी डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, “भूम दिसाया लागलं असंल. आता उतरा, मागल्यांना जायचंय.” म्हातारा समाधानानं उतरला आणि पुढच्या बाजाराला मुलाला घेऊन आला.

सायकलची घंटी वाजली की बैल बिथरतात आणि लोक सायकलला शिव्या घालतात, हे चाचांना फार लागायचं. त्यावर उपाय म्हणून ते बाजारात बांधलेल्या बैलांमधून एका हातात घंटी आणि बगलेत कडबा घेऊन फिरायचे. घंटी वाजवायची, कडब्याची पेंढी पुढं करायची. महिनाभरात असं झालं, की कुणी सायकलस्वार घंटी वाजवत गेला तर बैल गाडीसकट त्याच्या मागं जायचे. गाडीवाले चाचांच्या शेडवर भांडायला आले. चाचा खूश. म्हणाले, “माणसं मागं राह्यली, जनावरं शिकली.”

लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं, पण अंगठा उठवायचा त्यांना कमीपणा वाटे. सही म्हणून ते दोन गोल काढायचे, त्यांच्यावर दोन तिरप्या रेघा, वर एक आडवं हँडल. झाली सायकल. अर्जाखाली ही सही करताना जीभ बाहेर काढून ते इतके रंगायचे, की कारकून जागचे उठून बघायला यायचे. निकाहनाम्यावर आपण अंगठा उठवला, तेव्हा ही सही सुचली नव्हती, याचं त्यांना आयुष्यभर दुःख होतं.

मग त्यांनी संथ सायकलींची शर्यत काढली. खंदकाकडेच्या मैदानात राखेनं पट्टे आखायचे, सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला, आणि वाटेत ज्याचा पाय जमिनीला टेकला तो बाद. जोरात पळवण्याची लोकांना भीती वाटते, हळू चालवायला कोण भिईल, असा त्यांचा हिशेब. तयारीच्या बैठका शेडमध्ये व्हायच्या आणि बैठकीला आम्ही दोघंच असायचो. शर्यतीआधी गावकऱ्यांना वाचून दाखवायला एक यादी करायचं त्यांनी ठरवलं. शिकायला तयार असलेल्या माणसांची नावं, पुढं गाव, पुढं तिथून परंड्याला चालत किती वेळ आणि सायकलवर किती. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. लोकांना वाचायची म्हणून मी ती मराठीत लिहिली. वळणदार, पल्लेदार अक्षरात लिहिली. माझ्या अक्षराचा मला गर्व होता.

ते दिवस वाईट होते. बाहेर देश स्वतंत्र झाला होता आणि आमच्याकडं त्याचं नाव काढायची सोय नव्हती. सरहद्दीपलीकडच्या बार्शीकडून येणाऱ्या वाटेवर झडत्या चालत. चार माणसं जमायची तर परवानगी लागे. शर्यतीच्या परवानगीचा अर्ज मीच उर्दूत लिहिला. पोलीस अमीनांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, तो तीनदा वाचला. शेवटी येणारा पहिला कसा, हे त्यांना कळेना. आणि जे कळत नाही त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, असं मानायचे ते दिवस. दुसऱ्या दिवशी शेडची झडती झाली आणि यादी सापडली. माणसांची नावं, सरहद्दीलगतची गावं, आणि कुठून कुठं पोचायला किती वेळ. हवालदार मोठ्यानं वाचत गेला तसा अमीनांचा चेहरा बदलत गेला, आणि तिथंच उभ्या असलेल्या मलाही पहिल्यांदा ती यादी त्यांच्या डोळ्यांनी दिसली.

त्यांनी आम्हा दोघांना कचेरीत नेलं. चाचा सांगत होते, की हुजूर, ही शिकाऊ माणसं, यांना अजून ब्रेक लावता येत नाही, ही निरोप काय नेणार. भिंतीला धडकल्याशिवाय यांची सायकल थांबत नाही. अमीन हसले नाहीत. ज्यानं हे लिहिलं तो उस्मानाबादच्या तुरुंगात जाईल, एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. माझे उर्दू अर्ज ते रोज वाचत, पण माझं मराठी अक्षर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“मुन्शी, ये किसका हाथ है?”

माझं नुकतंच लग्न झालं होतं. ही सबब नाही. चाचांच्या घरी तीन मुली होत्या. मी कागदाकडं बघितलं. प्रत्येक वेलांटी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, “मला ठाऊक नाही, हुजूर. कागद त्यांच्या दुकानातला आहे.”

चाचांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. रागानं नाही. नवा शिकाऊ डगमगायला लागला की बघायचे, तसं.

“माझंच हाय, हुजूर,” ते म्हणाले.

अमीनांनी टाक त्यांच्यापुढं केला आणि लिहून दाखवायला सांगितलं. चाचांनी टाक मुठीत धरला, जीभ बाहेर काढली आणि सावकाश दोन गोल काढले. दोन तिरप्या रेघा. वर हँडल. बाकीचं कुठंय, असं अमीनांनी विचारलं.

“बाकीचं लिव्हणं भीतीनं इसरलो, हुजूर.”

अमीन खुळे नव्हते. त्यांनी त्या चित्राकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मला अजून बोलता आलं असतं. तेवढा वेळ त्यांनी मला दिला होता, असं मला आजही वाटतं. मी जमिनीकडं बघत राहिलो. मग त्यांनी दौत बंद केली. त्यांना एक माणूस हवा होता, तो आपणहून मिळाला होता.

चाचांना नेलं. तिन्ही सायकली कचेरीच्या आवारात पावसात गंजत उभ्या होत्या आणि मी रोज त्यांच्यासमोर सतरंजी टाकून अर्ज लिहीत होतो. चाचांच्या बायकोनं सुटकेसाठी तीन अर्ज केले. तेही माझ्याकडूनच लिहून घेतले. मी त्यांत अक्षर फार सुंदर काढलं. त्या एका वाक्याशिवाय सगळं लिहिलं.

राज्य गेलं, चाचा सुटले. निम्मे झाले होते, खोकत होते. आल्या आल्या सायकली घासायला बसले आणि थंडीत त्यांनी शर्यत घेतलीच. मला पंच केलं. म्हणाले, “पाय कुणाचा टेकला ते तुमी बघायचं, मुन्शीजी.” हे त्यांनी सहज म्हटलं की जाणून, याचा निकाल मला आजवर लागलेला नाही. मी राखेच्या पट्ट्याशी उभा राहिलो आणि लोकांच्या पायांकडं बघत एकेकाला बाद करत गेलो. चाचा शेवटी पोचले, म्हणजे पहिले आले.

गर्दी पांगली तेव्हा मी वाक्य मनाशी जुळवून त्यांच्याजवळ गेलो. चाचा, त्या दिवशी कचेरीत... इतकं तोंडातून निघालंही. त्यांनी खिशातून कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला.

“नवी यादी करायची. अक्षर तुमचंच पायजे. माझं आता कुणाला लागत न्हाय.”

आणि ते हसले. मी बसलो. ते नावं सांगत गेले, मी लिहीत गेलो: नाव, गाव, चालत किती, सायकलवर किती. शेवटी त्यांनी खाली दोन चाकांची सही केली आणि कागद वाळायला धरून म्हणाले, “कायतरी सांगत हुता ना, मुन्शीजी?”

मी म्हणालो, “काही नाही, चाचा. शर्यत छान झाली.”