शालूताईच्या मनगटातल्या दोन नसा

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात शालूताई बांगड्या भरायला बसली की बाया दुसऱ्या दुकानाकडे बघत नसत. डाव्या हाताने ती समोरचीचा पंजा असा दाबून लहान करी, की बांगडी वरून कधी सरकली ते कळत नसे.

तीन वर्षांपूर्वी एका नवरीचा चुडा भरताना बांगडी फुटली आणि काच शालूताईच्याच डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला घुसली. तीन टाके पडले. जखम भरली, पण तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. गाठीला धक्का लागला की अंगठ्याच्या पाठीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ जाई. पदराचा काठ घासला तरी जीव कासावीस होई. त्या हातातल्या बांगड्या तिने उतरवल्या. बाजारातल्या बाया विचारत, "काहून व, कासारणीचाच हात रिकामा?" ती हसून वेळ मारून नेई.

अमरावतीला एका डॉक्टरांनी गाठ काढली. चार महिने बरे गेले आणि कळ परत आली. एक्स-रे, रक्त, सगळं तपासून झालं. काहीच सापडलं नाही. नवरा श्याम वैतागून बोलून गेला, "कागदावर तर काहीच नाई. तू मनात धरून राहिली." त्यानंतर तिने घरात दुखण्याचं नाव काढणं सोडलं. दुकानावर बसणंही हळूहळू कमी केलं.

शेवटी एका गिऱ्हाईक बाईने अकोल्याच्या डॉ. नीलम यांचं नाव सांगितलं. त्या हाताच्या नसांचंच काम करत. श्याम सोबत गेला, पण मनाविरुद्ध.

डॉक्टरांनी बोटाने गाठीवर हलकेच टिचकी मारली. शालूताईने हात ओढून घेतला. मग त्यांनी मनगटाच्या वर, जिथे एक नस मांसाखालून कातडीजवळ येते, तिथे भूल देणारं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी पुन्हा टिचकी मारली.

"आता?"

"अर्धी गेली. अर्धी हाये."

श्यामने मान फिरवली. त्याला वाटलं, हे मनाचंच दुखणं, हेच तर आपण म्हणत होतो.

डॉक्टर मात्र खूश दिसल्या. त्यांनी कोपराच्या घडीजवळ, बाहेरच्या अंगाला दुसरं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने टिचकी मारली, मग दाबलं, मग चांगलं रगडलं. शालूताईने हात ओढला नाही.

"ताई, तुमच्या त्या जागेवर दोन नसांचा पसारा आहे, म्हणून पहिल्या इंजेक्शनने अर्धीच कळ गेली," डॉक्टरांनी पेनाने तिच्या हातावरच दोन रेघा ओढल्या. दोन्ही मनगटाशी येऊन एकमेकींवर चढल्या होत्या. "काचेने दोन्ही तुटल्या. तुटलेली नस वाढायला बघते, वाट सापडत नाही, मग गुंता होतो. नुसता गुंता कापला तर तो परत होतो. दोन्हीची टोकं वर नेऊन जाड मांसात पुरावी लागतील. पण अंगठ्याची पाठ कायमची बधिर राहील."

"अन् आतून, बोटाच्या पोटाले समजन ना?"

"तिथलं काम वेगळी नस करते. ती शाबूत आहे."

शालूताईने अंगठा बोटांवर घासून पाहिला. पंजा दाबायला तेवढंच लागत होतं. "मंग करून टाका," ती म्हणाली.

परतताना अकोटच्या स्टँडवर एसटी थांबली. श्याम चहा घेऊन आला, तिच्या हातात ग्लास दिला आणि खाली बघत म्हणाला, "माह्यं चुकलं."

"दुखत होतं, एवढंच म्हणत होती मी," ती म्हणाली. ती खिडकीशी सरकली आणि त्याला जागा केली.

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. थंडीत मनगट कधी जरा झिणझिणतं. शालूताई बाजाराच्या दिवशी पुन्हा पूर्ण वेळ बसते. मागच्या महिन्यात भाकरी करताना तव्याचा काठ अंगठ्याच्या पाठीला लागला, तिला कळलंच नाही; फोड दिसला तेव्हा समजलं. आता चुलीपाशी तेवढी जागा तिला डोळ्यांनी सांभाळावी लागते.