कोळ्यांनी अंडी घालावीत म्हणून

द्राक्षाच्या पानामागे लाल कोळी असतो, मोहरीच्या दाण्याहून बारीक. त्याची अंडी बंद पाडायची, हे माझं नाशिकच्या प्रयोगशाळेतलं काम. मादीला अंडी घालायला एक संप्रेरक लागतं. ते बनवणारं जनुक गप्प करणारं द्रावण एका बशीतल्या माद्यांना पाजायचं, दुसऱ्या बशीत नुसतं पाणी. दोन्हींत फरक दिसला तरच माझी पीएच.डी. पुढे सरकणार होती.

द्रावणाच्या बशीत अंडी दिसेनात. मी हवेतच. निफाडला वडिलांना फोन करून सांगूनही टाकलं. मग पाण्याची बशी भिंगाखाली धरली, तर तिथेही अंडी नाहीत. माद्या जिवंत, पानावर निवांत फिरतायत. पाण्यानं अंडी बंद कशी होतील? बशा बदलल्या, पाणी बदललं, तरी तेच. डोकं चालेना. प्रयोगशाळेत सोबत काम करणाऱ्या मुलीवर उगीच खेकसले.

शनिवारी घरी गेले. बशीत कोळ्यांना खायला लागणारी घेवड्याची पानं मी आमच्या द्राक्षबागेच्या बांधावरूनच नेत असे. वडिलांना माझं रडगाणं ऐकवलं.

"मंग चांगलं झालं की," ते म्हणाले. "समद्यांचीच बंद झाली."

"बाबा, पाणी प्यायलेल्यांनी घालायला पाहिजे होती."

त्यांना काही कळेना. कोळ्यानं अंडी घालावीत म्हणून मुलगी तोंड पाडून बसलीय, हे कसलं शिक्षण? मग सहज म्हणाले, "घेवड्यावर लय कोळी दिसला. मागल्या खेपेला तू पानं न्यायच्या आदी बागेची फवारणी झाल्यावर टाकीत औषध उरलं व्हतं, मारलं त्याच्यावर. फेकून कशाला द्यायचं?"

उरलेलं औषध आमच्याकडे कोणीच फेकत नाही, बांधावर जे असेल त्यावर मारतात. लहानपणापासून बघतेय, तरी डोक्यात आलं नाही. त्या औषधानं मादी लगेच मरत नाही, आधी अंडी थांबतात. ती पानं खाऊन माझे सगळे कोळी निकामी झाले होते. माझं जनुक गप्प झालं होतं की नाही, देव जाणे. राग कोणावर काढायचा तेही समजेना. हे ऐकून वडील त्या रात्री नीट जेवले नाहीत.

पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात पानांची पिशवी दिली. "घेवड्याचं कडेचं एक झाड नाय फवारलं. तुझ्यासाठी."

मी पान उलटून भिंग लावलं. अंडीच अंडी. मला फार आनंद झाला, आणि लगेच बांधालगतच्या द्राक्षवेली आठवल्या. ही अंडी आमच्याच बागेच्या बांधावरची होती.